माहूरच्या मुक्कामी

दत्तात्रेया, तू एका जागी राहत नाहीस, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पहाटेचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात, दुपारचं भोजन गोदाकाठी पांचाळेश्वराला आणि रात्री पाठ टेकायला माहूर. आजी हे सांजवातीच्या वेळी सांगायची. एवढं चालून देवाचे पाय दुखत नाहीत का, असं विचारलं की ती बोटाला तेल लावून तसबिरीतल्या तुझ्या पायांवरून फिरवायची. विठोबा विटेवर उभा आहे, बालाजी डोंगरावर उभा आहे, आमची रेणुकामाय गडावर ठाण मांडून आहे. भक्त त्यांच्याकडे चालत जातात. तू मात्र स्वतः चालतोस. खांद्याला झोळी, मागे गाय, पायाशी कुत्री.

म्हणून हे मागणं तुझ्यापाशी. चालणाऱ्याला काय लागतं हे तुला सांगावं लागत नाही. पायाखाली मोकळं रान लागतं आणि अंधार पडला की एक दार लागतं, जे ठोठावलं तर उघडतं. या दोन्ही गोष्टी आमच्या भागात कमी होत चालल्यात, देवा. त्यासाठी मी बोलतेय.

मी मुदखेडची. आमच्या जंक्शनातून एक लोहमार्ग नांदेडला जातो, एक निजामाबादला आणि एक आदिलाबादला. त्या तिसऱ्या मार्गावरची गाडी म्हणजे माझ्यासाठी तुझी गाडी. खिडकीशी बसलं की भोकरपर्यंत कापूस, सोयाबीन, तूर, मधेच हळद. पुढे हिमायतनगर, सहस्रकुंड, बोधडी करत किनवट जवळ येतं तशी काळी माती मागे पडते, मुरूम उघडा दिसू लागतो आणि सागाची पानं रुळाच्या जवळ येतात. किनवटला उतरायचं, एसटीनं सारखणीवरून माहूर गाठायचं. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की मी जाते. फराळाचे डबे घासून पालथे घातले की माझी पिशवी भरलेलीच असते.

घरचे विचारतात, कसला नवस आहे? नवस नाही, चालायला जाते, असं सांगितलं की क्षणभर कुणी काही बोलत नाही. सासूबाई तेवढ्या म्हणतात, "जा, पण माझ्या नावानं देवीची ओटी भरून ये." खण, नारळ, तांदूळ त्या स्वतः बांधून देतात. त्यांचे गुडघे गेलेत. त्यांची ओटी घेऊन मी पायऱ्या चढते तेव्हा त्यांचंही चालणं त्यात धर, देवा. त्यांनी उभं आयुष्य विहिरीपासून घरापर्यंत आणि घरापासून शेतापर्यंत काढलं. ते कुठल्याच यात्रेत मोजलं गेलं नाही.

धर्मशाळेतली खोली तुझ्या ओळखीची असेल. लोखंडी खाट, पातळ गादी, भिंतीत कोनाडा, खुंटीला आधी कुणीतरी विसरून गेलेला करदोडा. मोरीत एक बादली आणि एक तांब्या. पहाटे अंगणात बंब पेटतो आणि त्याचा धूर खोलीत येतो. गरम पाण्यासाठी रांग लागते. त्या रांगेत हिंगोलीची, पुसदची, पार आदिलाबादची माणसं असतात. कुणाचं कुलदैवत रेणुका, कुणाचं तू. तेलुगू बोलणाऱ्या आजी माझ्या बादलीत स्वतःहून अर्धा तांब्या कढत पाणी ओततात आणि काहीतरी बोलतात. ते मला कळत नाही, पण पाणी कळतं. रात्री ओसरीवर डबे उघडतात. कुणाची भाकरी, कुणाचा ठेचा, कुणाच्या दशम्या. एकमेकांचं नाव न विचारता वाटून खाल्लेलं ते जेवण तुझ्या भिक्षेच्या झोळीतलंच आहे, असं मला वाटतं. ही ओसरी टिकव, देवा. नव्या इमारती होतील, खोल्यांना फरश्या लागतील, नळाला गरम पाणी येईल, ते सगळं म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी होऊ दे. पण सगळ्यांना एकत्र बसता येईल एवढी ओसरी प्रत्येक धर्मशाळेला असू दे.

आणि एक सांगायचंय. एके वर्षी एका ठिकाणी खिडकीतल्या माणसानं मला खोली दिली नाही. "फॅमिली आहे का सोबत?" नाही म्हटलं. "मग नाही जमत बाई, एकट्या लेडीजला आम्ही देत नाही." बाहेर अंधार पडत होता. मी आधार कार्ड पुढे केलं, शाळेचं ओळखपत्र पुढे केलं. त्यानं कागदांकडे पाहिलंही नाही. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, भीती होती. एकट्या बाईचं काही बरंवाईट झालं तर आपल्यावर येईल, ही भीती. शेवटी पलीकडच्या धर्मशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला हाताला धरून आत नेलं आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, "माझ्या जबाबदारीवर राहू द्या." रजिस्टरात माझ्या नावापुढे त्यांनी अंगठा लावला.

देवा, यदुराजानं विचारलं तेव्हा अवधूतानं आपल्या चोवीस गुरूंची नावं सांगितली, असं भागवतात आहे, आणि तो अवधूत तूच असं आम्ही मानतो. पृथ्वी, वारा, आकाश, समुद्र, अजगर, मधमाशी. त्यात साप आहे. साप स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात राहतो आणि पुढे जातो. घर नसण्यात उणेपणा नाही, हे तू त्याच्याकडून शिकलास. आणि त्यातच ती कुमारिका आहे. पाहुणे आलेले, घरात दुसरं कुणी नाही, ती आत भात कांडतेय आणि हातातली कांकणं वाजतायत. वाजू नयेत म्हणून ती एकेक उतरवत जाते. दोन उरली तरी वाजतात. एक उरतं तेव्हा आवाज थांबतो. ते पाहून तू ठरवलंस की एकट्यानं फिरावं.

म्हणजे एकटं चालण्याचा धडा तू एका मुलीकडून घेतलास. तो धडा तुला देणाऱ्या मुलीच्या लेकीबाळींना मात्र एकटं चालायला जागा उरलेली नाही, असं होऊ देऊ नकोस. खिडकीतल्या त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या मनातली भीती काढ. बाईला आत घेणं ही जोखीम आणि बाहेर ठेवणं ही सावधगिरी, असा जो उलटा हिशेब त्याच्या वहीत बसलाय, तो पुसून टाक. आणि ज्या मावशींनी अंगठा लावला त्यांच्या अंगठ्याला यश दे. त्यांची सून बाळंतपणाला आली होती. ते सुखरूप झालं असेल, असं धरून चालते.

तुझा जन्मच मुळी दारात आलेल्या पाहुण्यांमुळे झाला. ब्रह्मा, विष्णू, महेश अत्रीच्या आश्रमात भिक्षेला आले आणि त्यांनी जी अट घातली ती कुठल्याही बाईला संकटात टाकणारी होती. अनसूयेनं पाहुण्यांना विन्मुख पाठवलं नाही आणि स्वतःचा मानही जाऊ दिला नाही. तिन्ही देवांची तीन लेकरं केली आणि मग त्यांना जेवू घातलं. कोणाला कसं आत घ्यावं आणि कोणापुढे कुठे ठाम राहावं, दोन्ही तिला ठाऊक होतं. माहुरात तिचं शिखर वेगळं आहे. रेणुकेच्या गडावर नेहमी गर्दी, तुझ्या शिखरावर मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला पाऊल ठेवायला जागा नाही, पण तुझ्या आईकडे जाणारी वाट बऱ्याचदा मोकळी सापडते. मूल व्हावं म्हणून आलेल्या बाया तिथे बसलेल्या असतात. त्यांच्याशी मी फार बोलत नाही. शेजारी बसते, पाण्याची बाटली पुढे करते. त्यांच्या ओटीत तुला जे घालायचं ते घाल, आणि नाही घातलंस तरी त्यांना घरात बोल लागू देऊ नकोस.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्या माळाबद्दल.

पायऱ्या आणि डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं निघालं की सागाच्या अधूनमधून उघडा माळ लागतो. वरून पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. वाळलेलं गवत, मुरूम, इकडेतिकडे एखादा पळस, एखादी बोर, सीताफळाची झुडपं. सकाळी लवकर गेलं तर गवताच्या दर दोन काड्यांमध्ये कोळ्याचं जाळं असतं आणि त्यावर दव. कोळीही तुझ्या चोवीसांत आहे. आपल्यातूनच धागा काढतो आणि आपल्यातच परत घेतो. मी गुडघ्यावर बसून पाहिलंय. उन्हाची तिरीप आली की आधी जाळ्याचा वरचा कोपरा सुटतो, थेंब घरंगळतात, जाळं हलकं होऊन वर उचललं जातं आणि मग ते दिसेनासं होतं. जाळं तिथंच असतं. दिसणं तेवढं थांबतं.

आणि कुसळ. कार्तिकात त्या माळावरून चाललं की लुगड्याचा काठ, मोज्यांची वीण, सगळीकडे कुसळं घुसतात. संध्याकाळी ओसरीवर बसून एकेक काढावी लागतात. एकदा मी एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकला. त्याची काळपट शेपटी पिळलेल्या दोरीची असते. पाणी लागताच तो पीळ सुटायला लागला आणि कुसळ हातावर हळूहळू गोल फिरू लागलं, जिवंत असल्यागत. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दवानं ओलं, उन्हानं कोरडं, पुन्हा ओलं, पुन्हा कोरडं, असं फिरत फिरत ते बी स्वतःला कठीण मुरमात रुजवतं. टोकाला अणकुचीदार सुई आणि मागे उलटे केस, म्हणजे आत गेलेलं बाहेर येत नाही. नांगर नाही, बैल नाही, पेरणारं कुणी नाही. पुढच्या ज्येष्ठात पाऊस पडला की तिथेच हिरवं येतं. देवा, ही तुझी पेरणी मी हातावर पाहिली. जिथे आम्हाला काही दिसत नाही तिथे तू केवढं काम करून ठेवलं आहेस.

त्याच माळावर एक मेंढपाळ भेटले. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, घोंगडीच्या खोळीत नुकतं जन्मलेलं कोकरू.

"कुठं निघालाव बाई?"

"चालायला, मामा."

"नुसतं चालायला? बरं हाय की. मंग आमच्यासंगं चला."

मी त्यांच्याबरोबर उन्हं वर येईपर्यंत चालले. नुसतं चालायला आले, या उत्तराचं नवल न वाटलेला तो पहिला माणूस. त्यांनी मला कुठल्या गवताला मेंढरू तोंड लावतं, कुठलं निबर झालं की सोडतं, कुसळ पिकायच्या आधी कळप का हलवावा लागतो हे सांगितलं. कुसळ लोकरीतून कातडीत जातं आणि जखम चिघळते. मग ते म्हणाले, "रान कमी झालं बाई. कुठं चर खंदलेत, कुठं खड्डे. झाडं लावायचीत म्हनं. मेंढरू कुठून न्यावं?"

झाडं लावणारे वाईट नाहीत, देवा. मीही शाळेतल्या मुलांकडून झाडं लावून घेते. पण जिथे हजारो वर्षं तू गवत पिकवलंस, तिथे खड्डे घेऊन आणलेली रोपं टाकायची आणि त्याला हिरवाई म्हणायचं, हे थांबायला हवं. माळ म्हणजे मोडलेलं जंगल नव्हे, तो स्वतःच पुरा आहे. त्यात तित्तिर आहे, चंडोल आहे, ससा आहे, लांडगा आहे. आपल्या महाराष्ट्रानं सोलापूरकडच्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं. गवताचं मोल एकदा कळलं होतं आपल्याला. तरी गावागावांतली गायरानं गेली. कुठे अतिक्रमण, कुठे खाण, कुठे तारेचं कुंपण. ज्यांच्या सहीनं जमिनी दिल्या-घेतल्या जातात त्यांना एकदा त्या मेंढपाळ मामांच्या मागे अर्धा दिवस चालव. बाकी त्यांना कुणी समजावायला नको.

साता समुद्रापलीकडेही अशाच उघड्या माळासाठी माणसं चालली, हे वाचून मला फार बळ आलं. इंग्लंडात किंडर स्काउट नावाचा उंच माळ आहे. दलदल, गवत, वारा. मोठ्या जमीनदारांनी तो शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखून ठेवला होता आणि कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिथे पाय ठेवायची बंदी होती. २४ एप्रिल १९३२ ला ती माणसं शेकड्यांनी जमली आणि माळावर चढली. नुसतं चालण्यासाठी. काही तरुणांना त्यापायी तुरुंगात जावं लागलं. पुढे १९६५ मध्ये त्याच माळावरून जाणारी पेनाइन वे ही लांबच लांब पायवाट सर्वांसाठी खुली झाली. त्या तरुणांना तुझं नाव ठाऊक नव्हतं. पण ते तुझ्याच वाटेवरचे होते, असं मी धरते.

आणि जर्मनीतले ते मास्तर. रिखार्ड शिरमान त्यांचं नाव. १९०९ च्या ऑगस्टात ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते आणि वाटेत वादळी पावसानं गाठलं. एका खेड्यातल्या शाळेत त्यांनी आसरा घेतला. मुलं गवतावर झोपली, मास्तर जागे राहिले. त्या रात्री त्यांच्या मनात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर चालत आलेल्या मुलांसाठी त्या उघडाव्यात. त्यातून चालणाऱ्यांसाठी स्वस्त मुक्कामाची घरं उभी राहिली, अल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं घर झालं, आणि जगभर युथ होस्टेल हा शब्द पसरला. मीही मास्तरीण आहे. जागे राहिलेल्या त्या मास्तरांना माझा नमस्कार पोचव.

आमच्याकडे शाळेचं दार चालणाऱ्यांसाठी उघडायची रीत आहेच. आषाढाच्या आधी मराठवाड्यातून पंढरीला दिंड्या निघतात तेव्हा त्या कुठे देवळात, कुठे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम करतात. फळ्यावर आदल्या दिवसाचा पाढा असतो आणि त्याखाली वारकरी झोपलेले असतात. सकाळी ते वर्ग झाडून जातात, कधी कोपऱ्यात बुक्क्याची पुडी विसरून जातात. मुलं आली की त्यांना वर्गाला वेगळाच वास येतो आणि पहिला तास अभ्यास होत नाही. असे तास वाढू देत. आमच्या शाळा ओस पडत चालल्यात, देवा. पट कमी झाला म्हणून कुठल्या बंद होतील सांगता येत नाही. ज्या भिंतींनी मुलांना सावली दिली त्यांना कुलूप लागणारच असेल, तर निदान वाटसरूंसाठी ती कुलपं उघडण्याची बुद्धी कुणाला तरी दे. गावातल्या बाया जेवण करतील, त्यांना चार पैसे मिळतील, आणि शहरातली पोरं पाठीला पिशवी लावून एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जातील. त्यांना तूर कशी दिसते ते कळेल.

माहूर तर मुक्कामाचंच गाव. महानुभावांच्या श्रद्धेप्रमाणे देवदेवेश्वरीला तू रात्री निद्रेला येतोस. त्या मंदिरात मी हलक्या पावलानं जाते. याच डोंगरात तू वाघाच्या रूपात आलास आणि चांगदेव राउळांच्या माथ्यावर पंजा ठेवलास, असं ते सांगतात. पुढे चांगदेव राउळ द्वारकेला गेले आणि हातात खराटा घेऊन गल्ल्या झाडत राहिले. दासोपंत इथेच तप करून मग आंबेजोगाईला गेले. परशुराम तर खांद्यावर कावड घेऊन आला. एका पारड्यात बापाचं प्रेत, दुसऱ्यात आई. इथे पोचल्यावर तू त्याच्याकडून अंत्यविधी करवून घेतलास. मागे पाहू नकोस म्हणून बजावलं असतानाही आईच्या ओढीनं त्यानं वळून पाहिलं, आणि जमिनीतून वर येणारी रेणुका मुखापर्यंतच आली. म्हणून गडावर आईचं मुखच आहे. वळून पाहणाऱ्या त्या लेकाला कुणी बोल लावत नाही, माहुरात तर नाहीच. आईच्या मुखात तांबूल भरवला जातो आणि त्याचाच कुटलेला विडा प्रसाद म्हणून आम्हाला मिळतो. सासूबाईंसाठी मी तो पानात बांधून नेते. दात नाहीत, पण तो त्यांना खाता येतो.

वाघाची गोष्ट मला खरीच वाटते, कारण वाघ अजून या बाजूनं चालतात. पेनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून माणसांना त्याची वाट कळली. जिल्हे ओलांडत, शेतांमधून, नाल्यांमधून, रात्रीचा चालत, दिवसा लपत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं मिळून ३००० किलोमीटरहून जास्त चालला. त्याला वॉकर असंच नाव पडलं. त्याला जागा हवी होती, सोबत हवी होती, आणि ती जिथे असेल तिथवर तो चालत राहिला. त्याच्या वाटेवर किती कापसाची शेतं आली असतील, किती रस्ते, किती विजेच्या तारा. देवा, अशा वाघांच्या वाटा मोडू देऊ नकोस. माळ आणि नाले आणि झुडपं यांची जी तुटक ओळ एका जंगलापासून दुसऱ्या जंगलापर्यंत उरली आहे, ती अजून तुटू देऊ नकोस. आणि भल्या पहाटे शेतात पाणी धरायला जाणाऱ्या माणसाची आणि त्याची गाठ पडली, तर दोघांनाही आपापल्या घरी सुखरूप जाऊ दे.

मी काही फार मोठं चालत नाही. एका दिवशी तुझं शिखर आणि तुझ्या आईचं. एका दिवशी रामगडाच्या तटाखालून, गवतात बुडालेल्या दगडांवरून. एका दिवशी पांडवलेण्यांकडे. तिथल्या खांबांना हात लावला की दगड आतून गार लागतो. सोनापीर बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथेही चालत आलेली माणसं बसलेली असतात. पाय थकले की उनकेश्वरला गरम पाण्याच्या झऱ्याशी जाते. पिंढऱ्यांवर पाणी ओतते आणि समोर बसलेल्या, अंगभर कातडीच्या दुखण्यानं गांजलेल्या माणसांसाठी तुझं नाव घेते. त्यांना बरं कर. पाण्यानं होवो, औषधानं होवो, पण कर.

चालताना मला कुठले विचार येतात, असं शाळेतल्या बाई विचारतात. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी घरचेच येतात. गॅस, लाईट बिल, मुलाची फी, राहून गेलेला फोन. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज कमी होतो. मग एखाद्या चढावर नुसता श्वास आणि पाऊल उरतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये तू असतोस. तिथे मी काही मागत नाही, मागायचं सुचतच नाही. म्हणून हे सगळं आता मागतेय, ओसरीवर बसून, पायांची बोटं चोळत, शेजारी कुणाचं तरी लेकरू रडत असताना.

श्रावणातल्या पौर्णिमेला माणसं तुझ्या डोंगरांची परिक्रमा करतात. अनवाणी, चिखलातून, झिमझिम पावसात, रात्रभर. म्हातारे असतात, कडेवर पोर घेतलेल्या बाया असतात, तांड्यांवरून आलेल्या, कोलामांच्या वस्त्यांतून आलेल्या. त्यांच्या पायाखाली काटा येऊ देऊ नकोस, आणि नाल्याला पाणी चढलं तर पलीकडून हात देणारा कुणीतरी ठेव. त्यांच्या वाटेवर काचेच्या बाटल्या फोडणाऱ्यांचे हात आवर. जे गाडीनं वर येतात त्यांचंही दर्शन तुला पोचू दे. गुडघे गेलेल्यांना, श्वास लागणाऱ्यांना गाडी हवीच. पण रस्ता रुंद करताना कडेची पायवाट कुणी बुजवू नये. एका वाटेमुळे दुसरी मरू नये.

माझ्या वर्गातल्या मुलींना चालायची सवय लागू दे. त्या आता स्कूटीवर शिकवणीला जातात, ते चांगलंच आहे. पण त्यांना एक तरी सुट्टी अशी दे की पाठीला पिशवी, पायात साधे बूट, हातात भाकरीचं फडकं, आणि संध्याकाळी कुठल्याशा धर्मशाळेच्या खिडकीपाशी उभ्या राहून त्या म्हणतील, "काका, एक खोली हवी होती." काका नाव लिहून घेतील, किल्ली देतील आणि गरम पाणी किती वाजता मिळतं ते सांगतील. दुसरं काही विचारणार नाहीत. एवढं घडव.

आणि त्या मेंढपाळ मामांचं कोकरू जगू दे. यंदा ते पुन्हा भेटले नाहीत. ते जिथे असतील तिथून पेनगंगेच्या पाण्यापर्यंत त्यांच्या कळपाला वाट मोकळी ठेव.